रक्तदाबाची वही

आमच्याकडच्या पत्र्याच्या ट्रंकेत अण्णांची एक दोनशेपानी वही आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कऱ्हाडच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म नोंदी ठेवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर नोंदवायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचा रक्तदाब नोंदवायला घेतला. लाल शाईने आखलेले चार रकाने : तारीख, वरचा, खालचा, शेरा. दर शनिवारी दवाखान्यात जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि घरी येऊन, चष्मा पुसून, आकडा लिहायचा. पहिली नोंद १६४/१०२ अशी आहे. शेरा : ‘गोळी सुरू. मीठ निम्मे. सकाळी आसने.’ साडेचार महिन्यांनंतरची नोंद १३२/८४. तिथे शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. समाधान नोंदवायची कोर्टात पद्धत नसावी.

त्याच्या पुढच्या पानावर एकच ओळ आहे : ‘शिबिर. गोळी बंद.’ गावात आठ दिवसांचे योगशिबिर झाले होते. तिथल्या शिक्षकांनी सांगितले की, प्राणायाम नियमित असेल तर गोळीची गरज नाही, किंबहुना गोळी हेच विष. अण्णांनी गोळी थांबवली, आणि गोळीच नाही तर मोजायचे कशाला म्हणून मोजणेही थांबवले. आसने आणि प्राणायाम मात्र एक दिवस चुकला नाही. सात महिने वही कोरी. त्यानंतरची नोंद माझ्या अक्षरात आहे, कारण अण्णांचा उजवा हात तेव्हा हलत नव्हता.

या प्रसंगानंतर घरात दोन पक्ष पडले. धाकट्या काकांचे म्हणणे, योगानेच घात केला. आईचे म्हणणे, योग होता म्हणून जीव तरी वाचला. दोघेही खात्रीने बोलत आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे हृदय आणि धमन्या फळ्यावर काढण्यापुरती ओळख. तेवढ्या बळावर पुढची काही वर्षे जमेल तसे वाचत गेलो. योगाने जुनाट आजार टळतात असे आपण येता-जाता म्हणतो. कोणी ते कधी मोजले आहे का, मोजले असेल तर किती भरले, एवढेच मला पाहायचे होते.

पहिले आश्चर्य हे, की मोजण्याचे काम आपल्याच घाटमाथ्यावर शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा, डभोईचा. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलेले आणि अमळनेरला शिक्षणकार्यात रमलेले हे गृहस्थ नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. गुरूकडून मिळालेले जसेच्या तसे पुढे द्यावे, ही आपली रीत. कुवलयानंदांनी मात्र बडोद्याच्या रुग्णालयात जाऊन क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उड्डियान आणि नौली करवून घेतली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात आसनांच्या छायाचित्रांशेजारी क्ष-किरणांची चित्रे आणि दाबाचे तक्ते छापलेले असत.

नौलीचा प्रयोग थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. नौलीत पोटाचे मधले दोन स्नायू उभे, दोरखंडासारखे वेगळे काढतात. त्या स्थितीत गुदद्वारावाटे पाणी आत ओढता येते. ही बस्तिक्रिया हठयोगी पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पण पाणी चढते कशामुळे? कुवलयानंदांनी आतड्यातला दाब मोजला, तेव्हा नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे आढळले. म्हणजे पाणी चढते ते नळीत सरबत चढते त्याच नियमाने. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. मला यात नौलीपेक्षा दाबमापकाचे महत्त्व अधिक वाटते. गुरूवरची श्रद्धा आणि मोजपट्टी एका खोलीत नांदू शकतात, हे त्या माणसाने करून दाखवले. आमच्या गावच्या शिबिरात श्रद्धा भरपूर होती, पण दंडाला बांधायचा पट्टा नव्हता.

१९२७च्या मार्चमध्ये गांधीजी दौऱ्यावर असताना कोल्हापुरात कोसळले. रक्तदाब फार वाढला होता. पुढे म्हैसूर संस्थानात नंदी टेकडीवर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या दिवसांत गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात आसने कोणती करावीत, किती करावीत, यावर पत्रव्यवहार झाला. हा दाखला शिबिरांतून अनेकदा दिला जातो. पण देताना एक गोष्ट राहून जाते. १९२७ साली रक्तदाबावर खात्रीचे असे औषधच नव्हते. साधी, स्वस्त आणि रोज घेता येणारी गोळी यायला १९५०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. तोवर विश्रांती, पथ्य आणि शवासन यांची स्पर्धा कोणाशीच नव्हती. गांधीजींपुढे गोळी की शवासन असा प्रश्न नव्हता. अण्णांपुढे तो होता, आणि तो तसा मांडला गेला हीच चूक होती.

गोळ्या आल्यानंतर प्रश्न बदलायला हवा होता. तो बदलून विचारला मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी. त्यांचा शवासनावरचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. सहलेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. रुग्ण ४७. काहींना कोणतेच औषध सुरू नव्हते, काहींचा दाब औषधाने ताब्यात होता, काहींचा औषध घेऊनही आटोक्यात येत नव्हता. सर्वांना रोज अर्धा तास शवासन आणि संथ, पोटाने घेतलेला श्वास शिकवला गेला. दाब औषधाने ताब्यात असलेल्यांपैकी सुमारे साठ टक्के लोकांना पूर्वीच्या साधारण एक तृतीयांश औषधावर भागवता आले. आटोक्यात न येणाऱ्यांपैकी मात्र थोड्यांनाच असा लाभ झाला. मला या निबंधात आवडते ती मांडणी. ‘औषध सोडा’ असा निष्कर्ष त्यात नाही. औषध किती कमी लागते, हे आधी मोजून मग लिहिले आहे.

त्या अभ्यासात एक उणीव होती. शवासन न करणारा, पण बाकी सर्व बाबतींत सारखा असा तुलनागट नव्हता. ही उणीव किरकोळ नाही. रक्तदाब हा मोठा लहरी आकडा आहे. पहिल्या भेटीत तो चढलेला असतो, कारण दवाखाना नवा, डॉक्टर नवे, पट्टा आवळला जातो तेव्हा जीव घाबरा होतो. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत माणूस सरावतो आणि काहीही न करता आकडा उतरतो. त्या उताराचे श्रेय मधल्या काळात जे केले त्याला जाते, मग ते शवासन असो, लसूण असो की कोणाचा अंगारा.

इंग्लंडमध्ये क्रॉयडन येथे दवाखाना चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी ही उणीव भरून काढली. १९७५ साली त्यांनी ३४ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला सहा आठवडे योगातले शिथिलीकरण, आपल्या शरीराचे आकडे यंत्रावर पाहत पाहत, शिकवले. दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ, तितक्याच भेटी. फक्त पद्धत न शिकवता नुसते पडून राहायला सांगितले. योगाच्या गटाचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. आणि नुसते पडून राहिलेल्यांचा? १६९/१०१ वरून १६०/९६. म्हणजे वरच्या आकड्यातले नऊ मिलिमीटर कोणत्याही विद्येशिवाय उतरले! उरलेला फरक विद्येचा.

पुढच्या काळात असे अनेक अभ्यास झाले, मोठे आणि अधिक काटेकोर. ते एकत्र मांडून पाहणाऱ्यांना जो सरासरी फरक दिसतो तो चार-पाच मिलिमीटरचा आहे. सत्तावीस नव्हे, अठरा नव्हे, चार-पाच. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खट्टू झालो. एवढ्यासाठी अण्णा पहाटे साडेपाचला सतरंजी अंथरत होते?

पण हा आकडा धमनीच्या बाजूने पाहायला हवा. सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली एक मोठे विश्लेषण झाले. चाळीस ते सत्तर या वयात वरचा दाब वीस मिलिमीटरने जास्त असेल, तर पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो, असे त्यात दिसले. आणि हा चढ १४० पासून सुरू होत नाही. ११५च्या आसपासपासूनच तो चढत जातो. म्हणजे १३८ वाला सुरक्षित आणि १४२ वाला रोगी, अशी भिंत निसर्गाने घातलेली नाही, ती आपण सोयीसाठी घातली आहे. पाच मिलिमीटर दाब उतरला तर हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यांचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. एका माणसाला हे जाणवणार नाही. एखाद्या तालुक्याला जाणवेल. १६४ वाल्या अण्णांना नुसते पाच मिलिमीटर पुरणार नव्हते. पण तिशीतल्या, १२८/८२ वर असलेल्या माझ्या भाच्याला ते पुरू शकतात. रोग टाळण्याचे साधन आणि जडलेला रोग आवरण्याचे साधन एकच असेल असे नाही, हा भेद शिबिरात कोणी केला नव्हता.

*

आता हे घडते कसे? प्राणायामाने रक्तात प्राणवायू वाढतो, हे उत्तर इतके रुळले आहे की शाळेच्या कार्यक्रमातही ऐकू येते. ते खरे नाही. निरोगी माणसाच्या धमनीतले रक्त साध्या श्वासावरच सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेले असते. भरल्या घागरीवर नळ सोडून घागर मोठी होत नाही. कोविडच्या दिवसांत घरोघरी बोटाला चिमटा लावून आपण तो आकडा पाहिला आहे.

खरी गंमत श्वास सावकाश होण्यात आहे. जबड्याच्या कोनाखाली, मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत, ताण ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात. धमनी फुगली की ती मेंदूला कळवतात. मेंदू व्हेगस या नसेमार्फत हृदयाला ‘हळू’ म्हणतो आणि धमन्यांचा आवळ सैल करतो. घरातल्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो आणि टाकी भरली की नळ बंद करतो, तशीच ही योजना. वर्षानुवर्षे दाब चढता राहिला की ही टोके बोथट होतात आणि चढलेला दाबच त्यांना नेहमीचा वाटू लागतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे कोणीही मनगटावर बोट ठेवून पाहावे, तरुणांमध्ये फार स्पष्ट कळते. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. तो वेग सहाच्या जवळ आणला, की श्वासाची लाट आणि दाबाची लाट एकमेकींशी जुळतात आणि ती बोथट यंत्रणा पुन्हा तीक्ष्ण होऊ लागते.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी यावर एक सुरेख प्रयोग केला. त्यांनी काही माणसांना लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळ म्हणायला लावली आणि नंतर तिबेटी बौद्धांचा मणिमंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दोन्हींत दाबाची ही यंत्रणा अधिक संवेदनशील झाली. देव वेगळे, भाषा वेगळी, श्वास एकच. आमची आजी संध्याकाळी दिव्यापुढे बसून हरिपाठ म्हणायची. एका दमात ओळ संपवायची आणि मग थांबायची. तिचा श्वास कोणी मोजला नाही, त्यामुळे मी त्यावर काही सिद्धान्त बांधत नाही.

याच कारणाने सगळे प्राणायाम एका मापाने मोजता येत नाहीत. भस्त्रिका किंवा जोरकस कपालभाती ही संथपणाची नेमकी उलट बाजू आहे. दाब आटोक्यात नसलेल्याने ती, आणि शीर्षासनासारखी उलटी आसने, जपूनच, खरे म्हणजे विचारल्यावाचून करूच नयेत. हे जुने योगशिक्षक सांगत असत. शिबिरात चारशे माणसे समोर असतात, तिथे कोण कोणाला विचारणार?

*

अण्णांच्या वहीत गुंतून मी आईला विसरत होतो, आणि हे विसरणे केवळ माझे नाही. अण्णांचे पहाटेचे अर्धा तास शवासन निर्वेध पार पडे, कारण तेवढा वेळ दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि कुकरच्या शिट्टीला आई आवरून धरत असे. तिचा स्वतःचा असा अर्धा तास दिवसाच्या पोटात कुठेच नव्हता. साठाव्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा कळले की तिची साखर बऱ्याच वर्षांपासून वाढलेली असावी. आई लठ्ठ नव्हती. नऊवारीत तर बारीकच दिसायची.

ती बारीक दिसायची आणि तरी तिला मधुमेह झाला, याचा उलगडा पुण्यात झाला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते आपल्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेले असते, आणि ते साठवणाऱ्या देहात स्नायू कमी असतात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हीच ठेवण दिसली : वजनाने लहान, स्नायूंनी रोड, पण चरबी त्या मानाने राखून ठेवलेली. देशपातळीवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर, असा आहे.

इथे योगाबद्दल थोडे अप्रिय लिहावे लागेल. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि कामाला लागलेला स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत घेतो. म्हणून मधुमेह टाळायचा तर स्नायू हवेत आणि ते हलायला हवेत. संथ आसनांत शरीराची जितकी शक्ती खर्च होते ती मोजली, तर ती सावकाश फेरफटका मारण्याच्या आसपास भरते. लवचीकपणा येतो, तोल सुधारतो, मन निवते. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा जो व्यायाम सांगते, त्याच्या खात्यात पश्चिमोत्तानासन फारसे जमा होत नाही. सूर्यनमस्कार होतात. लागोपाठ, बरा वेग ठेवून घातलेले सूर्यनमस्कार भरभर चालण्याच्या किंवा त्याहून वरच्या श्रमात मोडतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तके लिहिली, त्यातले एक १९३८ साली लंडनमध्येही निघाले. राजेसाहेबांच्या उत्साहाची टवाळी त्या काळीही झाली. स्नायूंच्या हिशेबात मात्र त्यांचे बरोबर होते.

मधुमेह टाळण्याचा आपल्याकडचा भक्कम पुरावा योगाचा नाहीच. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणे आणि जेवणात पांढरे पीठ, साखर, तेल कमी करणे, एवढे ज्यांच्याकडून नेटाने करून घेतले त्यांच्यात ३९ टक्क्यांना. म्हणजे दर सहा-सात माणसांमागे एक वाचला. यात कोणतीही गूढ विद्या नाही. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पण ती आता दूरदर्शनसंचासमोरच्या खुर्चीने खाल्ली आहे, आणि आईची शतपावली तर खरकटी भांडी गोळा करण्यातच संपायची.

राहता राहिले ताट. आहाराच्या बाबतीत जुने ग्रंथ आधुनिक शास्त्राच्या पुढे होते असे म्हणण्याचा मोह होतो. हठप्रदीपिकेत मिताहार सांगितला आहे, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा असे म्हटले आहे. आणि अपथ्याच्या यादीत चक्क मीठ आहे! आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आपण सरासरी आठच्या आसपास खातो. तेव्हा हा उल्लेख वाचून मला फार आनंद झाला होता. पण यादी पुढे वाचत गेलो. तिथे हिरव्या पालेभाज्या आहेत, ताक आहे, लसूण आहे, हिंग आहे. एकाच श्लोकातले मीठ उचलायचे आणि पालेभाजी खाली ठेवायची, याला आधार शोधणे म्हणत नाहीत. तो ग्रंथ कुटीत राहणाऱ्या साधकासाठी आहे, कऱ्हाडच्या पेन्शनरसाठी नाही. मिठाबद्दलचा पुरावा मोजून मिळालेला आहे आणि तो त्याच्या पायावर उभा राहतो. आपल्या भाकरीत मीठ नसते ही मोठी जमेची बाजू. आपले मीठ लपलेले असते ते लोणचे, पापड, कुरडया आणि फरसाणात. हा अंक वाचताना हाताशी जी वाटी असेल, त्या चिवड्यातही.

योग करणाऱ्यांवर आपल्याकडे झालेली एक फार मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, देशभरातली २४ रुग्णालये, साधारण बावीस महिन्यांचा पाठपुरावा. निम्म्यांना योगावर आधारलेला खास कार्यक्रम, निम्म्यांना नेहमीचा सल्ला, औषधे दोघांनाही. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात भरती, हे सगळे मिळून योगाच्या गटात थोडे कमी घडले, पण इतके थोडे की तो योगायोग नाही असे म्हणता येत नाही. अपेक्षेपेक्षा दोन्ही गटांत असे प्रसंग कमी घडले, हेही त्याचे एक कारण. मात्र योगाच्या गटातल्या माणसांना आपली तब्येत अधिक चांगली वाटत होती, आणि झटक्यापूर्वीची कामे ती अधिक प्रमाणात पुन्हा करू लागली होती. पहिला निष्कर्ष योगप्रेमी सांगत नाहीत, दुसरा योगाला हसणारे सांगत नाहीत. मला स्वतःला दुसरा अधिक मोलाचा वाटतो, कारण माणूस झटक्यानंतर घरात कसा वावरतो हे मी जवळून पाहिले आहे.

काकांना आणि आईला मी हे सगळे एकदा जेवताना सांगायचा प्रयत्न केला. योगाने घात केला नाही, काका. मोजणे थांबवल्याने झाला, आणि काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर दाब उसळी मारून वर जातो. आणि आई, योगाने जीव वाचला का ते कळायला दुसरे अण्णा हवेत, योग न केलेले. आई म्हणाली, “एकच पुरेत.” काकांनी कढी मागितली.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षे जगले. शिबिरात पुन्हा गेले नाहीत, पण त्या शिक्षकांबद्दल वाईटही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तर डाव्या हाताने नमस्कार करत. सकाळी आधी गोळी, मग सतरंजी, हा क्रम कायम झाला. शनिवारची मोजणी पुन्हा सुरू झाली. वर्षभराने ते डाव्या हाताने लिहू लागले. ते अक्षर वाकडे आहे, पण रकाने पट्टीने आखलेले आहेत. शेवटच्या दिवाळीतली नोंद आहे : १३८/८६. शेरा : ‘गोळी घेतली. शवासन २० मि. चिवडा खाल्ला.’

त्याच वहीच्या मागच्या बाजूने, उलट्या पानांवर, आणखी तीन रकाने आखलेले आहेत : तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. वर आईचे नाव. पहिल्या पानावर प्रत्येक नोंदीपुढे, चौथा रकाना नसल्यामुळे समासात, अण्णांनी लिहिले आहे : ‘दूध मी घेतले. ती फिरून आली.’